कन्व्हर्टरमधल्या अक्षता

४ ऑक्टोबर १९७८, बुधवार

आला एकदाचा डब्बा! जबलपूरच्या भंगारातून. आमच्या यायनं तो लेकरासारखा छातीशी धरून आणला. टॉर्क कन्व्हर्टर म्हणे. मी म्हटलं, हे घमेलं करते काय? तर तासभर शिकवणी! नत्थूजी संत्रेवाल्याच्या अमेरिकन गाडीले क्लच नाही. इंजन अन् गिअरच्या मध्ये हा तेलाचा डब्बा फिरते, तोच क्लच. जुना भलता सुस्त — पाय दाबला की गाडी आधी विचार करते, मंग निघते. हा नवा आधी इंजनले चढू देते, मंग झपकन सोडते.

पंधरा तारखेले जुन्या धावपट्टीवर शर्यत आहे. गाडी पहिली आली तर नत्थूजीचं कामठी रोडवरचं शेड आमच्या यायले गॅरेजसाठी भेटणार. बारा वर्षं हे दुसऱ्याच्या हाताखाली 'ए रुप्या, पाना दे' ऐकून राहिले. 'रुपराव' अशी हाक माराले कोणाची जीभ वळत नाही! मले ते सहन होत नाही. शेड भेटू दे रे देवा.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

आज हत्यार चालवायचं नाही. पाने, हातोड्या, जॅक, सारं धुऊन पाटावर मांडलं. हळद-कुंकू, झेंडू. डब्बा मधोमध, तोंड वर. थेट कलशच! मी अक्षता वाहिल्या. हे म्हणे, "त्याले जास्त वाहा वं, त्याच्यावरच सारं आहे."

वाहिल्या मंग मूठभर!

१२ ऑक्टोबर

काल सोनं वाटलं अन् हे लगेच गाडीखाली. डब्बा बसला, इंजनही फिरवून पाह्यलं. आज शेजारच्या प्रेमलतावैनीले सांगून राहिले होते, "पाहाजा आता, बाणासारखी सुटते!"

मी पाट उचलाले गेली. पाटावर दाणे चारच. मूठभर अक्षता गेल्या कुठं?

डब्ब्याच्या तोंडात! बाई वं!!

१३ ऑक्टोबर

नाही सांगतलं.

गरम तेल, त्यात तांदूळ — मुरमुरेच फुटतील! हसू येते. सांगतलं तर खोलाखोली, शर्यत हुकते, शेड जाते. नाही सांगतलं अन् भर वेगात गाडी अटकली तर? चालवणार तर हेच आहेत.

१४ ऑक्टोबर

सांगतलं.

हे बशीत चहा ओतून राहिले होते. बशी खाली ठेवली. मले वाटलं, आता काही खरं नाही. "काहून वं, तुले त्याचं तोंडच भेटलं काय?" एवढंच. मंग आपणच म्हणे, "जास्त वाहा मीच म्हटलं. अन् बसवतांनी मी तरी कुठं पाह्यलं? घाईत तेल ओतलं अन् चढवला."

डब्बा उतरवण्यात दिवस गेला. तेलाच्या जाळीत दाणेच दाणे! सारं धुऊन उद्यापर्यंत बसणं शक्य नाही. हे थेट नत्थूजीकडं. मीही मागं मागं. "गाडी उद्या धावणार नाही जी. डब्ब्यात तांदूळ राहिले. चूक माझी." माझं नावही घेतलं नाही! नत्थूजी जे सुटले ते सुटले. शेड गेलं.

घरी येऊन मी ढसाढसा रडली. हे म्हणे, "रडू नको, जेवाले वाढ. भात सोडून काहीही!"

१५ ऑक्टोबर

शर्यत झाली म्हणतात. आम्ही घरीच.

२६ ऑक्टोबर

नत्थूजी साऱ्या इतवारी बाजारात बोंबलून राहिले — "येड्यानं तांदळाच्या दाण्यासाठी माझी गाडी थांबवली! अन् वरून आपल्याच तोंडानं सांगतलं!" मी मनात म्हटलं, सांगा, आणखी सांगा! सकाळपासून गल्लीत तीन मोटारी दुरुस्तीले उभ्या. एक कोटवाले दारात येऊन विचारतात, "आपली चूक आपण सांगणारे मिस्त्रीजी इथंच राहतात काय?"

हे आंघोळीले गेले होते. मीच म्हटलं — इथंच जी. बसा.