फायनलच्या दिवशीचा पेपर

प्रिय ठमाबाई,

आज दुकानाला सुट्टी, म्हणून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मीच ऐसपैस बसून लिहितोय. आधी एक सांगून टाकतो, म्हणजे तुझी धाकधूक थांबेल. मला सगळं कळलंय. फुटबॉलची फायनल आणि तुझा शरीररचनेचा पेपर एकाच दिवशी आला, तू पेपरला बसलीस, गोलमध्ये दुसरीच मुलगी उभी राहिली आणि तुमचं कॉलेज हरलं. आता संघातली तुझी जागा राहते की जाते, याचा पत्ता नाही. बाबांना कळू देऊ नकोस, असं आईला बजावलंस म्हणे. तिच्या पोटात कधी काही राहिलंय का? फोन ठेवला आणि तशीच दुकानात आली.

बाबा आता गिऱ्हाइकांना तोंड कसं दाखवणार, हीच काळजी ना तुला? खरंय, मी फुशारक्या काही कमी मारल्या नव्हत्या. गळ्याभोवती कापड बांधलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, त्यामुळे तुझं कौतुक ऐकल्याशिवाय इथून कुणी सुटलेलं नाही. परवा कोपऱ्यावरचा शिंपी म्हणालाच, की ऐन वेळी पोरीने शेपूट घातली. मी वस्तरा खाली ठेवला आणि त्याला अर्ध्या दाढीवर बसवून सुनावलं. शेपूट घालणारी पोर सकाळी सरावात गुडघे फोडून घेऊन, ओल्या केसांनी थेट वर्गात जाऊन बसत नाही. सगळा संघ बसमध्ये गाणी म्हणत असताना कानात बोळे घालून पुस्तक उघडत नाही. मग तो हळूच म्हणाला, उरलेली अर्धीही करून टाका.

सुट्टीत आलीस की तू दुकानात येणाऱ्या टकलूकाकांच्या डोक्यावर बोट ठेवून कवटीची हाडं म्हणायचीस. ते बिचारे डोळे मिटून बसायचे, आणि आता त्यांनाच ती सगळी पाठ झालीत. एकदा चेंडू पलीकडे आहे म्हणून तू गोलमध्ये उभ्याउभ्या मांडीचे स्नायू घोकत होतीस आणि बघता बघता गोल झाला. ते मला हसत हसत सांगितलंस आणि सांगता सांगता रडायला लागलीस. बुटाची नाडी बांधताना बसल्या जागी झोपलेलंही मी तुला पाहिलंय. दोन डगरींवर पाय ठेवून ही पोर एक दिवस मधेच आपटणार, या विचाराने माझा जीव खालीवर व्हायचा. तू आपटली नाहीस. दोन्हीतलं एकच धरता येईल असा दिवस आला, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे न बघता तू स्वतः ठरवलंस. मला तुझा फार अभिमान वाटतो गं. साऱ्या गल्लीला सांगत सुटलो आणि नेमकं तुलाच सांगायचं राहिलं.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल तुझे फुटबॉलचे सर एवढ्या लांब केस कापायला आले. केस वाढलेलेच नव्हते, तेव्हाच मी ओळखलं. पेपर पुढच्या वर्षीही देता आला असता, फायनल थोडीच परत येणार, असं त्यांचं म्हणणं. तुझं वर्ष गेलं असतं, त्याचं त्यांना काही नाही! सगळ्या संघासमोर माफी मागितलीस, तरच पुन्हा गोलमध्ये उभं करतील. पोरीला पत्र लिहून जरा समजवा, म्हणाले. मी लिहितो म्हणालो, आणि रागाच्या भरात कात्री एका बाजूला जरा जास्तच चालली. आठवडाभर टोपी घालून फिरतील. तर ठमाबाई, सोमवारी ताठ मानेने मैदानावर जा. तुझ्या जागी उभी राहिली त्या मुलीला आधी जवळ घे, सगळ्यांत जास्त तिला लागलं असेल. हरल्याचं वाईट वाटतंय तर त्यांच्यात बसून खुशाल रड. पण पेपर दिलास म्हणून माफी मागू नकोस, मग संघाबाहेर बसावं लागलं तरी चालेल. आणि सरांनी विचारलंच, तर सांग, बाबांचं पत्र मिळालं.

तुझाच,
बडबड्या बाबा