हंडीच्या तळचं भोक

१२ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचा! अंगणात द्राक्षांचा मांडव, घोसांवर गांधीलमाश्या आणि दारावर दुधी काचेची हंडी असलेला दिवा. अशाच दिव्याखाली मी लहानपणी कविता पाठ करायचो. सोफिया शहरात नकाशे काढण्यात जन्म गेला. उरलेले दिवस या उजेडात काढायचे. खुर्ची टाकून शाळेतली करकोच्यांची कविता म्हटली. चौथं कडवं काही केल्या आठवेना. हे घर वेलिका नावाच्या म्हातारीचं. सौद्यावर सही केली आणि ऑगस्टअखेर वारली.

१४ सप्टेंबर
दिव्याची वायर म्हणजे शरम आहे. चिकटपट्टी, तिच्यावर पिशवी, तिच्यावर सुतळी. भिंतीत शिरण्याआधी वायरचा खाली लोंबता झोका, हंडीच्या तळाला भोक. शेजारची त्सोनाबाई मिरच्या भाजता भाजता कुंपणावरून म्हणाली, “आजोबा, वायर खुशाल बदला, भोक तेवढं राहू द्या. मेल्यावर चाळीस दिवस आत्मा घरीच घुटमळतो; वेलिका दिव्यात येते-जाते. वाट बुजवलीत तर जाईल कुठे बिचारी?” तिचा जावई गेनादी खिदळला, म्हणे आजोबांकडेच राहील की, दोघांना सोबत! काय ही अडाणी जमात.

१५ सप्टेंबर
जाड वेष्टणाची नवी केबल, जोडावर रबरी चकत्यांचा बंद डबा बसवला. भोक आणि झोका पाणी निथळायला असतात, एवढं मला कळतं. पण ते ठेवले असते तर बाई गावभर सांगत सुटली असती, सोफियाचा म्हातारा भ्याला. म्हणून भोक सिलिकॉनने बुजवलं आणि केबल सरळ ताणून भिंतीत घातली. आता मुंगीसुद्धा शिरायची नाही. बाईने मृतात्म्यासाठी दिव्याखाली उकडलेले गहू ठेवले होते; ते कोंबड्यांना टाकले. तिच्याच.

२३ सप्टेंबर
पाऊस नाही, तरी हंडीत बोटभर पाणी. दमट हवा, दुसरं काय! काचेला आतून बोटांचे ठसे. बसवताना माझेच उठले असणार. कोंबड्या आता दिव्याखाली फिरकत नाहीत. मूर्ख, मालकिणीसारख्याच.

२९ सप्टेंबर
हंडी अर्धी भरली. केबलवरून ओल घरात आली, भिंतीवरून थेट खटक्याकडे. दिवा लावताना हाताला झिणझिण्या. ठसे वाढलेत. माझी बोटं एवढी बारीक नाहीत.

३ ऑक्टोबर
फ्यूज काढला. दिवा जळतोच आहे. त्सोनाबाईला विचारू? त्यापेक्षा मेलेलं — नको, हा शब्द नको.

४ ऑक्टोबर
पाऊस लागलाय. भिंतीवरची ओल माणसाएवढी. तिला खांदे आहेत. भोक मोकळं करायलाच हवं, नाहीतर या घरात एक तर मी किंवा ती — स्टूल मांडलंय, पेचकस खिशात. कुंपणापलीकडून त्सोनाबाई ओरडतेय, “आजोबा, ओल्या हातांनी चढू नका हो!” तिला काय कळतं —

वहीवर थेंब. छत कोरडं आहे.

पाठीमागे कुणीतरी करकोच्यांची कविता म्हणतंय. चौथं कडवं. हो, हेच ते, असंच होतं —