मथुरा चढावर उतरली नाही

पूर्णगड,
श्रावणातला दुसरा सोमवार

चिरंजीव गुरुप्रसाद यास,

रावजीचे भरघोस आशीर्वाद. तुझी पाठ, तुझं पित्त आणि तुझा डोंबिवलीचा फ्लॅट तिन्ही सुखरूप असावेत. इकडे तुझी मथुराताई, मी आणि विहीर ठणठणीत आहोत. फोनवर तू मध्येच हसतोस, म्हणून हे पत्र. शक्यतो उभं राहून वाच, कारण तुझ्या भावोजींनी पराक्रम केला आहे.

गेल्या गणपतीत तू आरतीच्या गर्दीत काय म्हणालास ते मी विसरलेलो नाही. "मी दिलेली मोटारसायकल ताईला घाटीच्या पायथ्याशी उतरवते, ती पिशव्या घेऊन चढते आणि भावोजी वर बसून वाट बघतात. पुढच्या वर्षी हेच दिसलं तर गाडी टेम्पोत घालून भंगारात नेईन." (मी बसत नसे, उभा असे. खरं ते खरं.) आठ वर्षं ती चढली हे कबूल. गाडीही पेट्रोलपेक्षा ऑइलच जास्त पीत होती, आणि पंचायत डासांची फवारणी करतेय असं समजून लोक खिडक्या लावून घेत. तेव्हा मी ठरवलं, इंजिनाचा बोर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वाढवायचा, आणि वाढवायचा तर चांगला एक मिलिमीटर! नाक्यावर आणि देवळात तसं जाहीरही करून टाकलं.

रत्नागिरीत हरिश्चंद्र नावाचा बोरिंगवाला आहे. त्याने सिलिंडरमध्ये मापाचं घड्याळ घालून वर, मध्ये, खाली, उभं, आडवं असं तपासलं (माझं ब्लडप्रेशरही कुणी इतक्या मायेने बघितलेलं नाही) आणि अर्ध्या मिलिमीटरात भागेल म्हणाला. मी म्हटलं, एक. त्याने समजावलं की पिस्टन जिच्यात वरखाली धावतो ती लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, कंपनीचीच आहे. झीज निघेल तेवढंच कापायचं, जास्त कापलं तर ती पातळ होते, तापली की वाकडी होते आणि पिस्टन अडकून बसतो. वर मला विचारतो, "आधी पिस्टन आणलाव काय? माणूस बघितल्याबिगर सदरा शिवतो काय कोण?" मी आणला नव्हता. तरी मी एकवरच ठाम, कारण गावाला शब्द दिलेला. अर्धा तास वाद चालला. शेवटी बाजाराची पिशवी घेऊन दारात ताटकळलेली मथुरा म्हणाली, "अहो, तवा घासून घासून पातळ केला तर भाकरी करपणारच ना?" हरिश्चंद्राने घड्याळ खाली ठेवून तिला हात जोडले. मी मोठ्या मनाने अर्ध्यावर आलो.

मग चौथ्या दुकानात पिस्टन मिळाला, त्याच्या मापाने बोर झाला, इंजिन जुळलं. ताकद बोराच्या आकारात नसते, पिस्टन नीट बसण्यात असते, हे मी आता नाक्यावर सर्वांना समजावतो. (तव्याचा दाखलाही देतो. कुणाचा ते सांगत नाही.)

आणि गुरुवारी पावस गावचा बाजार करून आम्ही घाटीशी आलो. मथुरा सवयीने पाय खाली टाकणार तोच मी ओरडलो, बसून राहा! पहिला गिअर टाकला आणि गाडी चढू लागली. सदूच्या कुंपणाच्या दगडी गडग्याशी ती नेहमी दम खाते, तो गडगा मागे गेला. धुराचं नाव नाही! वर पोचल्यावर ती पिशवी छातीशी धरून खालची सगळी घाटी बघत राहिली. मला भरून आलं, हे तुला म्हणून लिहितो.

तेव्हा टेम्पो आणू नकोस.

तुझा विजयी,
रावजी

ता. क. हरिश्चंद्राला अभिमानाने फोन केला, तर तो भडकला. पहिले पाचशे किलोमीटर चढावर दोघांनी बसायचं नाही, असं त्याने बजावलं होतं म्हणे. (मी तेव्हा पिस्टनचा फोटो काढत होतो.) इंजिन वाचलंय, पण यापुढे चढावर एकच माणूस.

ता. क. २. तो एक माणूस कोण, यावर घरात चर्चा झाली. लग्नाआधी ताई तुमच्या वडिलांची मोटारसायकल चालवायची, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. लायसनही चालू निघालं. सध्या घाटीच्या पायथ्याशी मी उतरतो, पिशव्या घेऊन. ती वर वाट बघते. (उभी नाही, बसून.) अजून चारशे साठ किलोमीटर बाकी आहेत. गणपतीला येताना चालायचे चांगले बूट आण. नंबर आठ.