यमीनं ढकललं नाही

७ नोव्हें. ९८
संध्याकाळी खो-खोच्या प्रॅक्टिसला पडले. उजवा घोटा टम्म. आज संकष्टी, सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. जिल्ह्याच्या टीममध्ये नाव यावं म्हणून मीच बोललेला उपास! सरांचा नियम सगळ्यांना पाठ: उपास असेल तिनं मैदानात पाऊल ठेवायचं नाही. यमीनं मागून खो दिला, मी उठले, डोळ्यांपुढे अंधारी, पाय मुरगळला. सर धावत आले. "उपास-बिपास नाही ना?" तोंडातून निघूनच गेलं, "नाही सर, यमीनं जोरात ढकललं." यमी माझ्यासाठीच पाणी आणायला पळाली होती.

८ नोव्हें.
हाड शाबूत. क्रेप बँडेज, तीन आठवडे आराम. यमी हॉस्टेलवरून इंदिरानगरला आमच्या घरापर्यंत चालत आली. माझा पाय मांडीवर घेऊन बसली. "माझाच हात जोरात पडला का गं? सर म्हणत व्हते." नाही म्हणायचं होतं. एक शब्द. म्हणाले, "असू दे गं." असू दे!! वर मीच तिला माफ केलं. लाज कशी वाटली नाही मला.

११ नोव्हें.
यादी लागली. सरांचा घरी फोन. पाय बरा होईल तोवर माझी जागा राखलीय. यमीचं नाव नाही. असला आडदांड खेळ नको म्हणे. आमच्यात सगळ्यात चपळ तीच. खूप रडले. आईला वाटलं पाय दुखतोय, गरम पाण्याची पिशवी आणून दिली.

१५ नोव्हें.
यमी गावी चालली, हरसूलला. खेळावरच हॉस्टेल मिळालेलं, आता तेही गेलं. निरोप घ्यायला आली आणि मी झोपेचं सोंग घेतलं. बाहेर आईला सांगत होती, "बाप म्हणतो भात झोडायला ये, शिकून काय करायचंय." मग म्हणाली, "तिला उठवू नका काकू. आराम पडू द्या."
मेली मी. असली कसली मैत्रीण.

१ डिसें.
बँडेज निघालं. लंगडते अजून. सरांना सगळं सांगितलं. उपास, खोटं, सगळं. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळायला लागले. "यादी पुढे गेली गं. आधी का नाही बोललीस?" म्हटलं, माझं नाव काढा. "काढतो. पण तिचं आता चढणार नाही."
आई म्हणते, झालं गेलं, आता तिला जाऊन कशाला सांगतेस? नाही सांगितलं तर मला घास उतरत नाही.

६ डिसें.
हरसूल. यमी खळ्यावर भात झोडत होती. मला बघितल्यावर हातातली पेंढी टाकून धावली. "पाय कसा हाय?" तिथेच सांगून टाकलं. आधी हसली. कळलंच नाही तिला.
"म्हंजे मी नाय ढकललं?"
"नाही."
"नक्की नाय?"
"नाही गं यमे."
मग खाली बसली. "इथं समद्यांना सांगितलं मी, माझ्या हातानं मैतरणीचा पाय गेला. बापानं तेवढ्यावरच खेळ बंद केला. आन् तू..."
मी पाया पडायला वाकले तर मागे सरकली. शिव्या दे म्हटलं, मार म्हटलं. इतकी हक्काची मैत्रीण, पण एक शिवी देईना. काळीज तुटलं माझं.
एसटीपर्यंत सोबत आली, माझ्या लंगडण्यामुळे हळूहळू चालत. "येशील ना परत कॉलेजात?" विचारलं. रस्त्याकडे बघत राहिली. गाडी आली, ही गर्दी. यमी कंडक्टरला म्हणाली, "हिचा पाय दुखतोय, हिला बसायला जागा द्या."
माझ्याकडे बघितलं नाही.