धूर नाही म्हणून आलेला बंब

गुराच्या गळ्यात घंटा बांधतात तसं तुझ्या नातवाने माझ्या गळ्यात बटण बांधलंय. वर मलाच दटावतो, "आई, आंघोळीला जाताना पण काढायचं नाही." त्याला लाडावून ठेवलं तू, म्हणून पहिलं भांडण तुझ्याशी. आये, बरी आहेस ना? मेलेल्या माणसाला काय विचारायचं, पण इथं आयर्लंडात सगळे सगळ्यांना विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. उत्तर एकच, ग्रँड. पाय मोडला तरी ग्रँड.

तर हे बटण. पडले तर दाबायचं, मग स्वयंपाकघरातल्या डब्यातून एक बाई बोलते. आपल्या पाड्यावर ती शहरातली मॅडम वही घेऊन आली होती, आठवतं? "आजी, आदिवासी वृद्ध महिलांना इथं सुरक्षित वाटतं का?" तू भाकर थापता थापता म्हणालीस, "बिबट्याला विचार, तो रोज येतो." तिने ते लिहून घेतलं. पण आपल्याकडे धूर होता. सकाळी एकट्या म्हातारीच्या छपरातून धूर निघाला की ती जिती आहे. नाही निघाला तर हातातलं काम टाकून शेजारणीने जायचं. नागली दळताना तू मला हे कान पिळून शिकवलंस.

इथं आमच्या ॲडम्सटाउनात धुराची सोय नाही. भाकर जरा करपली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलतो. शेजारी एक म्हातारी एकटी राहते, माझ्याहून थोरली. तिच्याशी मी खुणांनीच ठरवलं, सकाळी तिने पडदा उघडायचा, मी हात करायचा. पडदा म्हणजे धूर.

एका मंगळवारी दहा वाजले तरी पडदा बंद. मी जाऊन दार बडवलं, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून हाका मारल्या. काही नाही. घरी येऊन बटण दाबलं. डब्यातली बाई म्हणाली, "आर यू ऑलराइट?" म्हटलं, "मी ग्रँड. नेक्स्ट डोअर, ओल्ड लेडी, नो स्मोक! नो स्मोक!" बाईने त्यातलं स्मोक तेवढं ऐकलं. लाल बंब आला, सहा दांडगे गडी, नळी घेऊन. "व्हेअर इज द स्मोक?" "अरे बाबांनो, नो स्मोक, तोच तर घोळ!" एकाची बाही धरून ओढत नेला. दार फोडलं तर म्हातारी न्हाणीघरात पडलेली, टॉवेल गुंडाळून, गारठलेली. मला बघून काहीतरी पुटपुटली. क्लोनडॉकिनच्या ऑफिसातून धापा टाकत आलेल्या माझ्या मुलाने मग बंबवाल्यांना विचारून मला मराठीत सांगितलं, "म्हणतेय, सहा पुरुष आणणार होतीस तर आधी कळवायचंस, केस तरी विंचरले असते."

मुलगा मलाच ओरडला, "आई, बटण तुझ्यासाठी आहे!" म्हटलं, "आणि धूर कुणासाठी असतो?"

आता म्हातारी इस्पितळातून परतलीय, आधाराची चाकांची घोडी ढकलत. पडदा उघडते. सगळी आळी माझं कौतुक करते, आणि ते कौतुक मला गिळवत नाही, म्हणून लिहायला बसले. दुसरीपर्यंतची वाकडी अक्षरं. तुला वाचता येत नव्हतं, तेवढाच धीर.

तू चुलीपाशी पडलीस त्या दिवशी मी दिवस कलल्यावर आले. तू विचारलंस, "धूर दिसला नाही, कळलं नाही तुला?" मी म्हटलं, रानात होते. नव्हते. माझ्या अंगणातच होते. धूर नाही ते मला दिसलं होतं. आदल्या दिवशी कोंबडीवरून तू मला चार बायांत चोर म्हणालीस, म्हटलं बसू दे उपाशी. तुझी कंबर मग सरळ झालीच नाही.

हा कागद टपालात टाकायचा नाही. प्रेसमध्ये, इथं कपाटाला तसं म्हणतात, पिठाच्या डब्याखाली ठेवते. पण उत्तर पाहिजे. तिथं तुझ्याजवळ बाबा असेल, त्याने द्यायचं नाही, तो तुझ्या वतीने लगेच माफ करून मोकळा होईल. तूच द्यायचं, आणि शिव्या गाळायच्या नाहीत.