अप्पाकाकांसाठी राखलेली जोडी

कोल्हापूर, ता. ९ मार्च १९५४

तीर्थस्वरूप अप्पाकाकांस नृसिंहाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). आपला दमा कसा आहे? माईकाकूंनी गडहिंग्लजहून धाडलेली मेतकुटाची बरणी पोचली. आपल्या सूनबाईने, म्हणजे कालिंदीने, ती माझ्यापासून लपवून ठेवली आहे, यावरून चवीची कल्पना यावी.

माझे विहिरींवरचे पुस्तक एकदाचे छापखान्यात गेले. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी मात्र अट घातली, की शेवटच्या संदर्भयादीत प्रत्येक छापील पुस्तकाचे नाव दुहेरी अवतरणचिन्हांत हवे. नुसत्या ऐकीव माहितीला चिन्ह नाही. मी विद्वान दिसावे म्हणून साठ पुस्तके घातली होती (त्यांतली एकवीस वाचलीही आहेत). चाळिसाव्याशी खिळे जुळवणारा आकाराम हात झटकून उभा राहिला. "मास्तर, चिन्हांचा खण मोकळा झाला. हितनं फुडची पुस्तकं बोडकी जातील बघा." मी अगदी रडकुंडीला आलो, तेव्हा त्याने माझ्या मजकुरातले स्वल्पविराम उपटले आणि काही उलटे, काही सुलटे बसवून त्यांची अवतरणचिन्हे केली. यादी सजली, पण माझी वाक्ये आता दम न खाता पन्हाळ्यापर्यंत धावतात. प्राध्यापक म्हणाले, शैली ओघवती आहे.

खऱ्या चिन्हांची एक जोडी मात्र आकारामने काडेपेटीत राखून ठेवली होती. ती आपल्यासाठी. तो गडहिंग्लजच्या शाळेत आपल्या हातच्या छड्या खाल्लेला विद्यार्थी, आणि यादीत सर्वांत शेवटी आपले 'विहिरी आणि त्यांचे धनी' आहे ना! अप्पाकाका, खरे सांगतो, माझ्या पुस्तकात माझे असे फारसे नाही. लहानपणी आपले बोट धरून ज्या विहिरींत डोकावलो, त्याच त्यात आहेत. आपल्याला ऐकीव माहितीत बिनचिन्हाचे बसवायला हात धजेना. तेवढ्यात आकारामने विचारले, "छापलंय कुठं, नि कंच्या साली?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि म्हणालो, कोल्हापूर, १९५४. त्याने काडेपेटी उघडली आणि जुळवले. ते पान छापूनही झाले.

काकूंना नमस्कार. पथ्य सांभाळावे.

आपला,
नृसिंह

ता. क. आता पुस्तक लिहायचे तेवढे राहिले आहे. गेली वीस वर्षे पहिले प्रकरण आपल्या मनात तयार आहे, आणि साल संपायला अजून नऊ महिने आहेत. रविवारी पहिल्या एस. टी.ने कोऱ्या वह्या घेऊन येतो. आपण बोला, मी लिहीन. रागावायचे असल्यास पहिल्या प्रकरणानंतर रागावावे.

ता. क. दुसरा. खोटे जुळवायला लावले म्हणून आकारामची माफी मागायला गेलो, तर तो हसला. म्हणाला, "गुर्जींनी अजून ल्हिलंच न्हाय, ठावं हाय की मला. म्हणून तर जुळवलं. आमच्या छापखान्यातलं खोटं ठरू देणार न्हाईत गुर्जी."