आमच्याकडे वरी, तुमच्याकडे भगर

नेरूळ, बुधवार

ती. सौ. सुचिताताईस,

धाकट्या नंदूचा साष्टांग नमस्कार (गुडघा दुखतोय, म्हणून मनातल्या मनात). तुझा खोकला कसा आहे? भाऊजींनी गोड सोडलं, की त्यांच्या मते पेढा अजून फळांतच मोडतो? इकडे सगळं क्षेम, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण आई शेजारी बसलेली असते आणि विषय आईचाच आहे. ती रविवारी सिन्नरच्या आपल्या जुन्या घरी निघाली आहे, कायमची. बॅग दाराशी आणून ठेवली आहे.

झालं असं. महाशिवरात्रीला मनालीने उपासाचा स्वयंपाक केला. (आईच्या डोक्यात जगाचे दोनच डबे, उपासाला चालतं आणि चालत नाही, हे तुला काय सांगायचं. बटाटा आणि मिरची सातासमुद्रापारहून येऊन पहिल्या डब्यात बसले. बिचारा टोमॅटोही तिकडूनच आला, पण राहिला बाहेर. का, म्हणून विचारलं तर चालत नाही म्हणजे चालत नाही.) आईने दाण्याच्या आमटीबरोबर भगर दोनदा मागून घेतली, वर छान झाली म्हणाली. पण तुझी भावजय पडली रत्नागिरीची. ती म्हणाली, "आई, तुमच्याकडे भगर म्हणतात. आमच्याकडे वरीचे तांदूळ."

तांदूळ म्हटल्याबरोबर आईचा घास हातातच राहिला. उपास मोडला म्हणत ती ताटावरून उठली, आणि मनाली ओट्याशी रडत बसली. मग मी मध्ये पडलो (माझं शहाणपण). वाशीच्या मार्केटातून एक पुडा आणला, दोन डब्यांत ओतला, एकावर भगर लिहिलं, एकावर वरी, आणि दोन्ही शिजवून दोघींना चाखायला दिलं. आई म्हणाली, भगर गोड, दुसऱ्याला तांदळाचा वास येतो. मनाली म्हणाली, वरी मोकळी, दुसरं गिच्च. दोन्ही एकाच पुड्यातलं आहे असं सांगितल्यावर दोघींनी माझ्याशी बोलणं टाकलं. तेवढं एकमत मी घडवून आणलं.

आज साड्यांच्या घड्या घालताना आई म्हणाली, "ते तांदूळ नाहीत हे काय मला कळत नाही का रे? पण एका घरात तुमच्याकडे नि आमच्याकडे असतं होय? मग मी पाहुणीच की." ताई, मला फार वाईट वाटलं. बाबा गेल्यापासून ती इथेच आहे. मी तिला घरचीच धरत होतो, पण तसं तिला कुणी म्हटलंच नव्हतं.

तू फोन करून तिला थांबव. तुझं ती ऐकते.

तुझा,
नंदू

ता. क. फोन करू नकोस. आईचं बोलणं मी मनालीच्या कानावर घातलं. आज आईचा गुरुवार. सकाळी मनालीने विचारलं, "आई, आज आपल्याकडे भगर करू या?" आई म्हणाली, "वरीचे तांदूळच कर." बॅग माळ्यावर गेली.

ता. ता. क. तुझ्याकडची दोन किलो पाठवून दे. पिशवीवर नाव मात्र काही लिहू नकोस.